हिंदी घे, पण सोपी म्हणून नको

नागपूर
१२ जुलै २०२५

प्रिय सोनू,

तुझी मेल वाचली. अमेरिकेतल्या तुझ्या विद्यापीठाची परभाषेची अट पुरी करायला हिंदी घेऊ का, हा तुझा मुख्य प्रश्न; पण त्यात बाबाचं मत आहे, मैत्रिणीचा सल्ला आहे आणि हायस्कुलातलं स्पॅनिश वाया जाईल ही धास्तीही आहे. माझं उत्तर आधी सांगून टाकते. घे. जरूर घे. पण ‘आपल्याला येतेच की’ म्हणून घेऊ नकोस.

आणि मैत्रिणीने सांगितलेली ती युक्ती अजिबात करू नकोस. प्लेसमेंटच्या परीक्षेत मुद्दाम अडखळायचं, अक्षरओळखच नाही असं दाखवायचं आणि पहिल्या सत्रात बसून आयता ‘ए’ मिळवायचा, हे मला मनापासून वाईट वाटलं. त्याच वर्गात एखादा मुलगा ‘त’ आणि ‘ट’ कानाला वेगळे लागावेत म्हणून तेच तेच रेकॉर्डिंग रात्री उशिरापर्यंत ऐकत असतो. शेजारी बसलेली तू पहिल्याच आठवड्यात घडाघडा बोलायला लागलीस, तर त्याला वाटणार की आपल्यातच काही कमी आहे. शिकवणाऱ्या बाईंचाही अंदाज चुकतो. हिंदी घरात ऐकलेल्या मुलांसाठी कित्येक विद्यापीठांत वेगळा वर्ग असतो तो यासाठीच. तुझ्याकडे तसा असला तर त्यातच जा.

बाबा म्हणतो हिंदी घरचीच भाषा. मला ते पटत नाही. तुमच्या घरात मराठी बोलतात. हिंदी तुझ्यापर्यंत आली ती सिनेमातून, गाण्यांतून आणि दिवाळीच्या पार्टीत भेटणाऱ्या पंजाबी, गुजराती कुटुंबांतून. तुझ्या वर्गात तेलुगू आणि तमिळ घरांतल्या मुलीही असतील, आणि त्यांनाही कुणीतरी ‘तुम्हाला काय, सोपंच जाणार’ असं सांगितलेलं असेल. आईवडील भारतातले म्हणजे मुलांना हिंदी येणार, ही समजूत तिकडे पक्की आहे. तू ती स्वतःबद्दल करून घेऊ नकोस. तुझ्यासाठी हिंदी खरोखरच दुसऱ्यांची भाषा आहे, आणि दुसऱ्यांची भाषा शिकताना जेवढा आदर आणि जेवढी मेहनत लागते, तेवढी तिला द्यायला हवी.

मी हे नागपुरातून लिहिते आहे. १९५६ पर्यंत आमचं शहर मध्य प्रदेशाची राजधानी होतं, आणि आजही सीताबर्डीवर दोन्ही भाषा सारख्याच ऐकू येतात. तरी माझ्या हिंदीच्या वर्गातल्या मराठी मुली वर्षानुवर्षं त्याच जागी अडायच्या. आपल्याकडे ‘ते पुस्तक’. हिंदीत नपुंसकलिंगच नाही, तिथे पुस्तक स्त्रीलिंगी होतं आणि घर, पाणी, फूल पुल्लिंगी. आपण ‘मी पोळी खाल्ली’ म्हणून मोकळे होतो. हिंदीत ‘मैंने रोटी खाई’, तो ‘ने’ विसरला की वाक्य कोसळलंच. ऐकणाऱ्याला धरून ‘आपण’ आणि त्याला वगळून ‘आम्ही’ हा भेद तुझ्या तोंडात बसलेला आहे. हिंदीत दोन्हीकडे ‘हम’. सर्वांत जपून राहायचं ते ‘तू’ला. आपण आईला आणि आजीलाही प्रेमाने ‘तू’ म्हणतो. हिंदीत मोठ्यांना ‘आप’, बरोबरीच्यांना ‘तुम’, आणि ‘तू’ फार थोड्या जागी. बाईंना चुकूनही ‘तू’ म्हणू नकोस.

लिपी एकच आहे म्हणूनही निर्धास्त राहू नकोस. मराठी शाळेत रविवारी गिरवलेली देवनागरी तुला वाचता येते, पण सावकाश. चौथ्या सत्राच्या शेवटी प्रेमचंदांची ‘ईदगाह’ कुणाच्या मदतीशिवाय वाचता आली पाहिजे, हे ध्येय ठेव. जत्रेत बरोबरची पोरं खेळणी आणि मिठाई घेतात आणि छोटा हामिद आजीचे हात तव्यावर भाजतात म्हणून तिच्यासाठी चिमटा घेतो, ती गोष्ट. त्यासाठी चार सत्रं द्यायला काहीच हरकत नाही. शिवाय अमेरिकेत अनेक ठिकाणी हिंदी आणि उर्दू एकाच विभागात, कधीकधी एकाच वर्गात शिकवतात. आमच्या बी.ए.ला ते नव्हतं. संधी मिळाली तर उर्दूची लिपीही शिकून घे.

तू विचारलंस की तिथे हिंदी आहे, मग मराठी का नाही. याचं कारण बोलणाऱ्यांची संख्या एवढंच नाही. १९५७ मध्ये सोव्हिएत रशियाने स्पुटनिक उपग्रह सोडला आणि अमेरिका हादरली. पुढच्याच वर्षी तिथे राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा झाला आणि सरकारने विद्यापीठांना परभाषा शिकवायला पैसे दिले. सुरुवातीला अत्यावश्यक ठरवलेल्या सहा भाषा होत्या अरबी, चिनी, जपानी, पोर्तुगीज, रशियन आणि हिंदी-उर्दू. म्हणजे तुझ्या वर्गाची पाळंमुळं शीतयुद्धात आहेत. मराठीच्या वाट्याला आली ती मोजक्या माणसांची निष्ठा. मॅक्सीन बर्नसन अमेरिकेतून फलटणला आल्या, तिथे बरीच वर्षं राहिल्या, शाळा काढली, आणि जाई निंबकरांबरोबर परक्यांना मराठी शिकवणारी पुस्तकं लिहिली. शिकागो विद्यापीठात मराठी शिकवली गेली ती अशाच लोकांच्या जोरावर. तेव्हा विभागात विचारून बघ. काही विद्यापीठं वर्गात न शिकवलेल्या भाषेचीही परीक्षा घेऊन अट पुरी झाल्याचं मान्य करतात. तुझं मराठी लेखन त्या परीक्षेला पुरेल की नाही, हे तिथले लोकच सांगतील. तसं झालं तर अट मराठीवर भागेल आणि हिंदी तू निव्वळ आवडीने शिकशील. मला त्याचा जास्त आनंद होईल.

आईला वाटतं हिंदी घेतलीस तर मराठी मागे पडेल. ती काळजी मला समजते, विशेषतः सध्या. एप्रिलमध्ये महाराष्ट्र सरकारने पहिलीपासून हिंदीचा आदेश काढला, राज्यभर विरोध झाला आणि २९ जूनला तो मागे घ्यावा लागला. जन्मभर हिंदी शिकवूनही मी विरोध करणाऱ्यांच्या बाजूने होते. सहा वर्षांच्या मुलाच्या पाठीवर आणखी एक भाषा लादणं वेगळं, आणि अठराव्या वर्षी तू स्वतःहून एक निवडणं वेगळं.

निवडून शिकलेल्या हिंदीने मराठी माणसाचं काय होतं, ते या शहरानेच पाहिलं आहे. गजानन माधव मुक्तिबोध घरी मराठी बोलत आणि कविता हिंदीत लिहीत. नागपूरच्या आकाशवाणीत त्यांनी नोकरी केली. त्यांचे सख्खे भाऊ शरच्चंद्र मराठीतले कवी आणि समीक्षक. एकाच घरात दोन भाषांचं एवढं मोठं काम झालं. माधवराव सप्र्यांनी टिळकांचं ‘गीतारहस्य’ हिंदीत नेलं. नागपूरबाहेर पाहिलं तर बनारसच्या ‘आज’ दैनिकाचे संपादक बाबूराव विष्णू पराडकर हे हिंदी पत्रकारितेतलं केवढं मोठं नाव, आणि घराणं मराठी. आणखी मागे जायचं तर नामदेवांची ६१ पदं शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात आहेत. यांतल्या कुणीही हिंदी सोपी म्हणून उचलली नव्हती.

स्पॅनिशचं म्हणशील, तर ते आवडत असेल तरच पुढे ने. दोन वर्षं झालीच आहेत एवढ्यासाठी नको.

आता कामाचं. परीक्षेआधी रोज अर्धा तास मोठ्याने हिंदी वाच; वर्तमानपत्र चालेल. बाईंना आधीच मेल करून सांग की घरी मराठी बोलतो, देवनागरी येते, हिंदी समजते पण कधी लिहिलेली नाही. हे इंग्रजीत लिहिलंस तरी चालेल. आणि कोणत्या वर्गात बसवलं ते मला लगेच कळव, म्हणजे त्या पातळीच्या गोष्टी निवडून पाठवते.

तुझी,
मावशी