शिकविणाऱ्याचे शिकणे

‘आता या वयात आणखी काय शिकायचे?’ आमच्या शिक्षकखोलीत हा प्रश्न दर वर्षी एकदा तरी विचारला जातो. प्रशिक्षणाचे परिपत्रक आले, की चहाचा कप खाली ठेवून कुणीतरी सुस्कारा टाकते. हा सुस्कारा निव्वळ आळसाचा आहे, असे मला कधीच वाटले नाही. मुलांपुढे व्याख्याने देऊ नका, हे सांगण्यासाठी दिवसभर दिलेली व्याख्याने ज्यांनी ऐकली आहेत, त्यांना सुस्कारा टाकण्याचा अधिकार आहे.

सरकारने या बाबतीत काही केले नाही, असेही नाही. २०१७ साली ‘दीक्षा’ हे संगणकीय व्यासपीठ सुरू झाले. २०१९ साली प्राथमिक स्तरावरील सुमारे ४२ लाख शिक्षकांना डोळ्यांपुढे ठेवून ‘निष्ठा’ हा प्रशिक्षणाचा कार्यक्रम आखण्यात आला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर प्रत्येक शिक्षकाने वर्षाकाठी किमान ५० तास आपल्या व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, अशी अपेक्षा व्यक्त केली. तास मोजता येतात, प्रमाणपत्रेही मोजता येतात. सोमवारी सकाळी वर्गाचे दार लोटून आत गेल्यावर शिक्षक काय वेगळे करतो, हे मात्र कोणत्याही नोंदवहीत उतरत नाही.

मला भावलेले कौशल्य अगदी साधे आहे, आणि त्याला एक पैसाही लागत नाही. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांतील संभाषणे बारकाईने ऐकली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, असे तिला आढळले. उत्तर नाही आले, की ते दुसऱ्या मुलाकडे वळतात किंवा स्वतःच उत्तर सांगून मोकळे होतात. हाच अवधी तीन सेकंदांपर्यंत वाढविला, तेव्हा मुलांची उत्तरे लांबली, ‘माहीत नाही’ म्हणणाऱ्यांची संख्या घटली आणि एरवी गप्प बसणारी मुले बोलू लागली.

आमच्या शाळेत आम्ही चार-पाच जणांनी एकमेकांच्या तासाला मागच्या बाकावर बसण्याचे ठरविले. त्यात तपासणीचा भाव नव्हता, शेरेबुकही नव्हते. एकदा विज्ञानाच्या तासाला मी असा बसलो होतो. ‘दुपारी सावली आखूड का होते?’ असे बाईंनी विचारले आणि त्या थांबल्या. तीन सेकंद हा किती दीर्घ काळ आहे, हे वर्गातल्या शांततेतच उमगते. पुढच्या बाकावरचे नेहमीचे दोन हात वर गेले. बाई तरीही थांबल्या. मग खिडकीजवळची, वर्षभरात क्वचितच बोललेली एक मुलगी आपल्या घरच्या बोलीत सांगू लागली, की दुपारी केळीची सावली तिच्या बुंध्याशीच पडते आणि संध्याकाळी ती शेजारच्या वाफ्यात जाते, कारण तेव्हा सूर्य खाली उतरलेला असतो. बाईंनी तिची भाषा सुधारली नाही. तेच उत्तर प्रमाण मराठीत फळ्यावर लिहिले आणि पुढे त्यांनी त्या मुलीचे नाव लिहिले.

बोलीला वर्गात जागा देण्याचा विचार आपल्या परिसराला नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. आदिवासी मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, हे पाहून त्यांनी शाळाच कुरणावर नेली. महागड्या साधनांच्या जागी शंख-शिंपले, बिया, खडे आणि पाने आली. पडद्याचा फळा आला म्हणजे शिक्षण आधुनिक झाले, असे मानणाऱ्यांनी या दोघींचे काम आठवावे. उजळलेल्या पडद्यावर पाठ्यपुस्तकाचीच पाने वाचून दाखविली, तर नवे ते काय झाले?

परंतु या बदलाची किंमतही असते, आणि ती आम्हाला पालकसभेत कळली. एका वडिलांनी मुलाची वही उघडून टेबलावर ठेवली. ते म्हणाले, “सर, गेल्या वर्षी या वेळेपर्यंत अर्धी वही भरली होती. यंदा पाने कोरी आहेत. तुम्ही शिकवता, की नुसत्या गप्पा मारता?” त्यांचा स्वर कडक होता, पण प्रश्न रास्त होता. दहावीची परीक्षा अखेर लिहूनच द्यावी लागते. शिवाय मराठी शाळांची अवस्था आपण सारे जाणतो. चार पालकांनी दाखले काढून नेले, तर पटसंख्या घसरते, तुकडी धोक्यात येते आणि एखादा शिक्षक ‘अतिरिक्त’ ठरतो. ज्या बाई तीन सेकंद थांबत होत्या, त्याच सेवाज्येष्ठतेत सर्वांत शेवटच्या होत्या.

आम्ही थांबणे सोडले नाही. प्रत्येक तासाची शेवटची दहा मिनिटे मात्र लिहिण्यासाठी राखून ठेवली. आज काय समजले आणि काय समजले नाही, हे मुलांनी स्वतःच्या वाक्यांत लिहायचे. त्या चिठ्ठ्या वाचून बाई दुसऱ्या दिवशीचा पाठ ठरवू लागल्या. वह्या पूर्वीइतक्या भरल्या नाहीत, पण त्यांतली वाक्ये मुलांची होती. त्या वर्षी दोन मुले इंग्रजी शाळेत गेली. तुकडी टिकली, ती पुढल्या वर्षीही टिकेल, याची हमी कुणी देऊ शकत नाही.

आपल्या धर्मग्रामात असे घर विरळाच, ज्याच्या नात्यागोत्यात कुणी शिक्षक नाही. म्हणून पालकांना एक विनंती करावीशी वाटते. पुढच्या पालकसभेला वही जरूर आणा आणि प्रश्नही जरूर विचारा. त्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारा : “सर, बाई, यंदा तुम्ही स्वतः नवीन काय शिकलात?” हा प्रश्न आपुलकीने विचारला, तर कोणताही प्रामाणिक शिक्षक त्याने दुखावणार नाही. आणि त्याला उत्तर द्यायला थोडा वेळ लागला, तर कृपया तीन सेकंद थांबा.