पायऱ्यांची चौकशी

उदयपूरचा बेत ठरताच बापूजी म्हणाले, "मला दुकानातच राहू द्या." खुब्याचे हाड मोडल्यापासून इतरांना ओझे होण्याची धास्ती त्यांना दुखण्याहून जड झाली होती. धाकट्या सुनेने वाद घातला नाही. हॉटेलवाल्यांना पायऱ्या मोजून सांगायला लावल्या. गच्चीवरून तलाव दाखवणारी छायाचित्रे अरुंद जिना कधीच दाखवीत नाहीत! खोली तळमजल्याची घेतली. पिछोल्यातील नौकाविहार सोडला. डुलत्या नावेत पाय टाकणे धोक्याचे. फतेहसागरच्या काठाने मात्र रस्ता आहे, बांधही सपाट. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकून चाकांची खुर्ची तेथे नेली. सज्जनगडाच्या बाजूला सूर्य कलला, पाणी तांबूस झाले. बापूजींनी थोरल्या मुलाला फोन लावला : "दुकान सांभाळ. आम्हांला आणखी दोन दिवस लागतील."