दोष आढळला नाही

यंत्राचे दोष दोन प्रकारचे असतात. पहिला प्रकार यंत्र बंदच पाडतो. तो लपत नाही, म्हणून त्याचा बंदोबस्तही लवकर होतो. दुसरा येतो आणि जातो. धावती मोटार भर रस्त्यात बंद पडावी आणि दहा मिनिटांनी पहिल्याच चावीला सुरू व्हावी, हा दोष या दुसऱ्या प्रकारचा. ज्याच्या वाट्याला तो येतो त्याच्यावर दुहेरी संकट ओढवते. रस्त्यावर जिवाला धोका असतो आणि वर्कशॉपमध्ये त्याच्या शब्दाला किंमत नसते.

नोकरीच्या निमित्ताने आम्ही वेळापुरी राहतो. आषाढात ज्ञानोबांची पालखी पंढरीला जाताना या गावी मुक्काम करते, तेव्हा येथील रस्ता माणसांनी फुलतो. गळिताच्या हंगामात तोच रस्ता उसाच्या ट्रॉल्यांनी भरून जातो. एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या असतात, आणि असे ओझे चटकन थांबत नाही. फेब्रुवारीतील एका दुपारी, सोलापूरला जात असता, अशाच एका ट्रॅक्टरच्या पुढे आमची गाडी बंद पडली. मागच्या आसनावर आई आणि दोन्ही मुले होती. स्टिअरिंग जड झाले. ब्रेक एक-दोनदा लागला आणि मग पायाखाली दगडासारखा कठीण झाला. ट्रॅक्टर कसाबसा बाजूने पुढे निघून थांबला. चालक धावत आला. "पाव्हणं, आधी पोरास्नी खाली घ्या, गाडीचं मागनं बघू," एवढेच तो बोलला, आणि त्याने आमच्यासह गाडी कडेला ढकलली.

इंजिन थांबले की ब्रेकला मिळणारी मदतही थांबते. साठलेल्या जोरावर ब्रेक एक-दोन वेळाच सहज दाबला जातो. म्हणून तो वारंवार न दाबता एकदाच दाबून धरावा, चारही इंडिकेटर लावावेत, गाडी डावीकडे न्यावी आणि ती पूर्ण थांबेपर्यंत चावी काढू नये. चावी काढल्यास स्टिअरिंग अडकते.

वर्कशॉपमध्ये आम्ही तीनदा गेलो. तिन्ही वेळा जॉब कार्डावर एकच शेरा मिळाला : 'दोष आढळला नाही'. मेकॅनिक खोटे बोलत नव्हते. इंजिनाची फिरत टिपणारा एक लहानसा सेन्सर तापला की मुका होतो आणि निवला की पुन्हा बोलू लागतो. गाडी वर्कशॉपला पोहोचेपर्यंत तो निवलेला असे. अखेरीस घरात एक वही केली. तारीख, वेळ, वेग, टाकीतील पेट्रोल आणि गाडी किती वेळ चालली होती, हे प्रत्येक खेपेस तीत लिहिले. गाडी दर वेळी उन्हात, तासाभराच्या प्रवासानंतरच बंद पडत होती. वही पाहून एक वयस्कर मेकॅनिक भर दुपारी आमच्यासोबत गाडीत बसला. तासाभराने गाडी बंद पडली आणि दोष सापडला.

एकट्या मालकाची तक्रार म्हणजे कुरकुर ठरते. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या काही मोटारींत चावीचे स्विच सैल होते. चालत्या गाडीत चावी सरके, इंजिन बंद पडे आणि अपघात झाल्यास एअरबॅगही उघडत नसत. कंपनीने त्याला अनेक वर्षे ग्राहकाची गैरसोय मानले. २०१४ साली सुमारे २६ लाख मोटारी परत बोलवाव्या लागल्या. पुढे नुकसानभरपाईच्या वेळी या दोषामुळे झालेले १२४ मृत्यू मान्य करण्यात आले. गैरसोय आणि धोका यांतील अंतर इतके भयंकर असू शकते.

आपल्या देशातही मार्च २०२४ मध्ये मारुती सुझुकीने ११,८५१ बलेनो आणि ४,१९० वॅगन-आर गाड्या इंधन-पंपाच्या मोटरमधील संभाव्य दोषासाठी परत बोलावल्या. त्या दोषाने धावते इंजिन बंद पडू शकत होते. गाड्या २०१९ साली बनलेल्या होत्या. म्हणजे दोष ओळखला जाईपर्यंत त्या चार वर्षांहून अधिक काळ रस्त्यावर होत्या.

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीने सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. त्यासाठी मालकांच्या तक्रारींची संख्या विचारात घेतली जाते. २०२० पासून लागू असलेल्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. कंपनीच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. पण या दोन्ही वाटांवर लेखी पुरावा लागतो. म्हणून जॉब कार्डावर 'गाडी तपासणे' असे मोघम लिहू देऊ नये. 'धावती गाडी बंद पडली' हे वाक्य, तारीख आणि वेग यांसह, आपल्या शब्दांत लिहून घ्यावे आणि त्याची प्रत जपावी.

दुरुस्ती झाल्यावर आमच्यापुरता प्रश्न मिटला होता. तरीही वहीची नक्कल जोडून आम्ही कंपनीला पत्र पाठवले. त्याच बनावटीची गाडी दुसऱ्या कोणा कुटुंबाकडे असेल, त्यांचीही मुले मागच्या आसनावर बसत असतील, आणि त्यांच्या मागून येणाऱ्या ट्रॅक्टरला बाजूने निघायला जागा असेलच असे नाही.