रिकामी रायफल

जबलपूरच्या पोस्टिंगमध्ये मिळालेल्या बंगल्यामागे एक कौलारू गॅरेज होतं. इंग्रजांच्या काळातलं. दार इतकं अरुंद की आमची गाडी आत शिरेना. मग मी तिथं सुतारकामाचं टेबल मांडलं. फौजी माणसाला दर दोन-तीन वर्षांनी घर काळ्या पेट्यांत भरावं लागतं. छंदही पेटीत मावणारा लागतो. कानशी, पटाश्या, एक रंधा आणि एक शिकंजा, एवढाच माझा कारखाना.

त्या हिवाळ्यात मी आणि माझ्या दहा वर्षांच्या लेकानं .३०३ रायफलची निम्म्या मापाची लाकडी प्रतिकृती करायला घेतली. १९०७ साली ब्रिटिश फौजेनं स्वीकारलेली ही बोल्ट ॲक्शन रायफल. बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात ती वर्षानुवर्षं बनत राहिली. दोन्ही महायुद्धांत आपले जवान तिच्यासह लढले आणि १९६२ साली हिमालयातही बहुतेकांच्या हाती तीच होती. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला निरोप दिला तो थेट २०२० च्या प्रजासत्ताक दिनी.

मूळ रायफल साडेचव्वेचाळीस इंच लांब, म्हणजे आमची सव्वाबावीस इंच. जुन्या कपाटाची सागवानी फळी मिळाली. हिचं लाकूड जवळजवळ नळीच्या टोकापर्यंत जातं आणि पुढं बोथट लोखंडी टोपी येते. त्या टोपीनं आमचे तीन रविवार खाल्ले. लोखंडी भागांना काळं बूट पॉलिश, लाकडाला जवसाचं तेल. नळी भरीव, बोल्ट फेविकॉलनं पक्का चिकटवलेला. दिसायला अगदी हुबेहूब.

लेकानं ती स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. दोनशे ग्रॅमसुद्धा भरेना. "बाबा, खरी चार किलोची ना? मग ही दोन किलोची का नाही?" मी गणित समजावलं. लांबी, रुंदी, जाडी तिन्ही निम्म्या झाल्या की वजन आठवा हिस्सा उरतं, आणि इथं तर पोलादही नाही. गणित त्याला पटलं. खडकवासल्याला रायफल डोक्यावर धरून मैदानाला फेऱ्या मारताना खांद्यांना जे समजलं होतं, ते मात्र गणितात कुठंच नव्हतं.

या कामात आम्हाला एक उस्ताद भेटले होते. छावणीबाहेर राहणारे निवृत्त सुभेदार साहेब. सत्तरी ओलांडलेले, फावल्या वेळात फर्निचर करणारे. आमच्या खुर्च्या दुरुस्त करायला आले आणि टेबलावरचं चित्र पाहून थबकले. १९६५ साली त्यांच्या हातात हीच रायफल होती. मग संध्याकाळी ते येऊन बसायचे. "साहब, गर्दन थोड़ी मोटी है," म्हणत दस्त्यावर अंगठा फिरवायचे.

रायफल पुरी झाली त्या संध्याकाळी लेक ती घेऊन अंगणात धावला. माळीदादा वाफ्यात वाकले होते. यानं नेम धरला आणि तोंडानं आवाज काढला, "ठो!" माळीदादांनी हसून दोन्ही हात वर केले. मीही हसलो.

सुभेदार साहेब हसले नाहीत. त्यांनी लेकाच्या हातातून रायफल घेतली, नळी आभाळाकडे केली आणि सवयीनं बोल्टला हात घातला. बोल्ट हलला नाही. ते माझ्याकडे वळले.

"बाबा तो बच्चा है, साहब। आप क्यों हँसे?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. वीस जवानांसमोर मीच हे शिकवत आलो होतो की नळी माणसाकडे वळवायची नाही, कधीच नाही.

चहा घेताना ते हळूहळू बोलले. लढाई थांबून काही आठवडे झाले होते. तंबूत सगळे हत्यार साफ करत बसले होते. कुणीतरी थट्टेत रायफल उचलली आणि समोरच्या दोस्तावर रोखली. तो दोस्त यांचाच गाववाला, लढाईतून एका ओरखड्याविना परतलेला. "खाली थी, साहब। सबको पता था कि खाली है।" पुढचं त्यांनी सांगितलं नाही. पेटी घेऊन त्याच्या घरी हेच गेले होते. त्याच्या आईनं विचारलं, दुश्मनाची गोळी कुठं लागली? काय उत्तर दिलं, हे मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी पटाशी घेऊन चिकटवलेला बोल्ट उखडून काढला. गोल दांडीचा नवा केला, मागे-पुढे सरकणारा. त्यासाठी आठवडा गेला आणि प्रतिकृती थोडी बिघडली, खाच जरा मोठी झाली. सुभेदार साहेबांनी लेकाला समोर उभं केलं आणि हुकूम दिला, "निरीक्षण के लिए, जाँच शस्त्र!" बोल्ट मागे, आत नजर, मग नळी वर ठेवून समोरच्याच्या हाती. कितीतरी वेळा करून घेतलं. लेकाचे डोळे भरून आले, तरी सोडलं नाही. मीही मध्ये पडलो नाही.

पुढं चार पोस्टिंग झाल्या. सुभेदार साहेब आता नाहीत. लेक इंजिनीअरिंगला आहे, फौजेत यायचा त्याचा विचार नाही आणि माझा आग्रहही नाही. रायफल आमच्या पुण्याच्या घरात भिंतीवर असते. परवा त्याचे मित्र आले, एकानं ती मागितली. यानं खाली काढली, बोल्ट मागे ओढला, आत वाकून पाहिलं आणि मगच दिली.

"अरे, लाकडाची तर आहे," मित्र म्हणाला.

"माहीत आहे," लेक म्हणाला. "तरी बघायचं."