नवव्या माणसाची हाक

वंशावळ हा वाङ्मयप्रकार मानावा का, असा प्रश्न साहित्याच्या वर्गात सहसा कोणी विचारत नाही. नावांची उतरंड, मधूनच एखादे साल, एखाद्या गावाचा उल्लेख; एवढ्या ऐवजाला कलाकृती म्हणवत नाही. तरीही कथनाचे एक जुने काम वंशावळ निमूटपणे करीत असते. पूर्वी काय होते आणि आता काय उरले, यांमधले अंतर ती नावांनी भरून काढते. त्या अंतरात जमिनीचा प्रश्न आला की वंशावळीला कथानक लाभते, नायक लाभतो, खलनायक लाभतो, आणि बहुधा एक हरवलेला कागदही लाभतो.

काही वर्षांपूर्वी वेल्समधील अ‍ॅबरिस्टविथ या गावी मी काही महिने राहिले होते. गावावरच्या टेकडीवर वेल्सचे राष्ट्रीय ग्रंथालय आहे; १९०७ साली स्थापन झालेल्या या ग्रंथालयात माझे काम वेगळ्याच विषयावर चालले होते. ज्यांच्या घरी मी उतरले होते त्या बाई सत्तरीच्या पुढच्या, निवृत्त शिक्षिका. माहेरचे आडनाव एडवर्ड्स. मी रोज जुने कागद वाचायला जाते हे कळल्यावर त्यांनी एके संध्याकाळी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा माझ्यापुढे ठेवला. त्यात त्यांच्या दिवंगत भावाने जपलेली कात्रणे, हाताने काढलेली एक वंशावळ आणि परदेशातल्या एका वारस-मंडळाला भरलेल्या वर्गणीच्या पावत्या होत्या. आता पुतण्याने तो विषय पुन्हा हाती घेतला होता, आणि घराच्या छपरासाठी बाजूला ठेवलेले पैसे वकिलाला द्यावेत असा त्याचा आग्रह होता. ‘यात खरे किती, एवढेच मला सांग,’ बाई म्हणाल्या.

डब्यातली कथा वेल्समध्ये आणि अमेरिकेत अनेक एडवर्ड्स घराण्यांत सांगितली जाते. रॉबर्ट एडवर्ड्स नावाचा एक वेल्श दर्यावर्दी होता. चाचा म्हटले तरी चालेल. त्याने स्पॅनिश जहाजांना सळो की पळो करून सोडले, म्हणून राणी अ‍ॅनने खूश होऊन त्याला मॅनहॅटन बेटावर ७७ एकर जमीन इनाम दिली. ती त्याने जॉन आणि जॉर्ज क्रूगर या बंधूंना ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली. मुदत संपल्यावर जमीन वारसांकडे परत यावी असा करार होता. पण क्रूगर हे ट्रिनिटी चर्चचे विश्वस्त, त्यामुळे जमीन चर्चच्या घशात गेली आणि करारपत्र नाहीसे झाले. आज त्या ७७ एकरांवर वॉल स्ट्रीट आणि ब्रॉडवे उभे आहेत. किंमत काय असेल ते ज्याने त्याने आपल्या कल्पनाशक्तीप्रमाणे ठरवावे.

एखादी संहिता तपासावी तशी ही कथा तपासली की तिचे धागे सुटू लागतात. राणी अ‍ॅन १७१४ साली वारली, म्हणजे इनाम त्यापूर्वीचे असायला हवे. पण काहींच्या सांगण्यात भाडेपट्टा १७७८ सालचा आहे. राणीकडून जमीन मिळवणारा माणूस किमान चौसष्ट वर्षांनी करारावर सही करायला हजर राहतो, ही गोष्ट अवघड आहे. क्रूगर हे मात्र खरेखुरे व्यापारी घराणे. त्यातले जॉन क्रूगर नावाचे बाप आणि मुलगा दोघेही न्यूयॉर्कचे महापौर झाले. राणीची देणगीही खरी आहे. १७०५ साली राणी अ‍ॅनच्या वतीने जी जमीन दिली गेली ती ट्रिनिटी चर्चलाच. दंतकथेचे सामर्थ्य इथे दिसते. राणी, चर्च, क्रूगर, जमीन ही सगळी पात्रे इतिहासातून उसनी आणलेली आहेत. फक्त मध्यभागी उभा असलेला नायक कागदोपत्री सापडत नाही.

त्याच जमिनीवर हक्क सांगणारी याहून जुनी एक कथा आहे, आणि तिच्यात तथ्याचा एक बारीक कण आहे. आनेके यान्स या डच वसाहतीतल्या बाईच्या नवऱ्याला १६३६ च्या सुमारास तिथे सुमारे ६२ एकर जमीन मिळाली होती. ती १६६३ साली वारली. १६७१ मध्ये तिच्या वारसांनी ती जमीन इंग्रज गव्हर्नर लव्हलेसला विकली, पण एका मयत मुलाच्या बाजूने खरेदीखतावर सही झाली नाही. त्या एका न झालेल्या सहीवर पुढच्या पिढ्यांनी दीडदोनशे वर्षे दावे लढवले. १८४७ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयाने असा एक मोठा दावा फेटाळताना चर्चची दीर्घ, उघड वहिवाट निर्णायक मानली. तरी वारस थांबले नाहीत. उलट आनेके ही ऑरेंजच्या राजघराण्यातली होती अशी भर तिच्या वंशावळीत पडली. हरलेल्या दाव्याने वंशावळ खुंटत नाही, ती वरच्या बाजूने वाढते.

बाईंना हे सांगणे सोपे होते. खरे अवघड काम पुढचे होते. कारण त्यांचा दुसरा प्रश्न असा होता की, मग आम्ही कोण?

वेल्समध्ये या प्रश्नाचे उत्तर शोधताना सर्वांत मोठा अडसर आडनावांचाच येतो. जुन्या वेल्शांना आडनावे नव्हती. मुलगा ‘अप’ किंवा ‘अब’ लावून बापाचे नाव सांगे, मुलगी ‘फेर्ख’ लावून. सोळाव्या शतकापासून इंग्रजी कारभाराच्या दडपणाखाली ही साखळी गोठत गेली. अप हवेलचा पॉवेल झाला, अप रीसचा प्राइस, अब ओवेनचा बोवेन, अप रिचर्डचा प्रिचर्ड. इतरांनी बापाच्या नावाला इंग्रजी ‘स’ जोडला आणि जोन्स, डेव्हिस, विल्यम्स, एडवर्ड्स जन्माला आले. आपल्याकडे ‘शाकुंतला’च्या १७८९ सालच्या इंग्रजी अनुवादामुळे ज्ञात असलेल्या सर विल्यम जोन्सचे आडनावही असेच. त्याचे वडील गणिती विल्यम जोन्स अँगलसी बेटावर जन्मले, आणि त्यांचे आडनाव हे खरे तर त्यांच्या वडिलांचे, म्हणजे शॉनचे, पहिले नाव होते. तेव्हा रॉबर्ट एडवर्ड्स याचा अर्थ एवढाच की, एडवर्ड नावाच्या कुणाचा तरी रॉबर्ट नावाचा मुलगा. असे एडवर्ड प्रत्येक गावात होते आणि त्यांचे एकमेकांशी रक्ताचे नाते असण्याचे काही कारण नव्हते. डब्यातल्या वंशावळीत अठराव्या शतकापाशी एक रेघ तुटक काढलेली होती. त्या तुटक रेघेच्या वर चाचा होता आणि खाली बाईंचे पूर्वज.

आम्ही खालून वर चढायचे ठरवले. १८३७ च्या जुलैपासूनच्या सरकारी जन्ममृत्यू नोंदी, त्याआधीची पॅरिशची पुस्तके, चॅपलच्या वह्या. वेल्समधल्या पुष्कळ कुटुंबांनी अधिकृत चर्च सोडून चॅपलचा रस्ता धरला होता, त्यामुळे बाप्तिस्मे एकीकडे आणि दफने दुसरीकडे सापडतात. १८५८ पूर्वी चर्चच्या न्यायालयांत दाखल झालेली एक लाख नव्वद हजारांहून अधिक वेल्श मृत्युपत्रे राष्ट्रीय ग्रंथालयाने जतन केली आहेत. त्यांत बाईंचा एक पूर्वज सापडला. त्याने मोठ्या मुलाला दोन गायी दिल्या होत्या, मुलीला एक पलंग अंथरुणासह, आणि धाकट्याला बायबल. जमिनीचा उल्लेख नव्हता, कारण जमीन त्याची नव्हतीच. त्याच्या वर नोंदी धूसर होत जातात. त्याच नावाचे तिघे, त्याच दशकात, त्याच खोऱ्यात. तिथे प्रामाणिक माणसाने पेन्सिल खाली ठेवावी.

१८३६ च्या कायद्याने धान्यरूपातला धर्मकर रोखीत बदलला आणि त्यासाठी गावोगाव नकाशे झाले. त्यांच्या सोबतच्या यादीत प्रत्येक शेताचे नाव, मालकाचे नाव आणि कसणाऱ्याचे नाव वेगवेगळ्या रकान्यांत आहे. बाईंचा पणजोबांचा बाप कसणाऱ्याच्या रकान्यात होता. मालकाच्या रकान्यात एका मोठ्या इस्टेटीचे नाव होते. शेतांची नावे मात्र वेल्श: विहिरीचे शेत, थोरले शेत, भट्टीचे शेत. बाईंनी ती एकेक करून मोठ्याने वाचली. त्यांतले एक नाव त्यांच्या आजीच्या तोंडी होते. ते कुठले हे त्यांना कधी कळले नव्हते.

इथे त्या दंतकथेकडे मला वेगळ्या नजरेने पाहावेसे वाटले. दहाव्या शतकातल्या हवेल दा या राजाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या वेल्श कायद्यात बापाची जमीन सर्व मुलांत वाटली जाई. घराचे मुख्य ठाणे धाकट्याला मिळे, आणि बापाने स्वीकारलेला अनौरस मुलगाही हिस्सेदार असे. अशा व्यवस्थेत आपण कोणाचे कोण हे ठाऊक असणे ही उपजीविकेची गरज होती. खानदानी माणसासाठीच्या वेल्श शब्दाच्या मुळाशी ‘बुंधा’ हा अर्थ आहे. ज्याला बुंधा सांगता येतो तो प्रतिष्ठित. बाराव्या शतकाच्या अखेरीस जेराल्ड ऑफ वेल्स या लेखकाने नोंदवून ठेवले आहे की, तिथल्या सामान्य माणसालाही सहासात पिढ्या तोंडपाठ असत. मराठी वतनाच्या तंट्यातला ‘करीना’ ज्यांनी वाचला आहे त्यांना हे नवल वाटणार नाही; घराण्याची हकिगत सांगता येणे हाच तिथेही हक्काचा प्रारंभ असे.

इंग्लंडच्या राजांनी ही व्यवस्था टप्प्याटप्प्याने मोडली. १२८४ च्या रिदलनच्या कायद्याने अनौरस मुलांना वगळले, आणि १५३६ ते १५४३ या काळातल्या कायद्यांनी समान वाटणीची जागा थोरल्या मुलाच्या वारशाला दिली. त्यानंतर मोठ्या इस्टेटी उभ्या राहिल्या आणि वाटेकरी कुळे झाले. १८७३ च्या सरकारी गणनेत वेल्सची निम्म्याहून अधिक जमीन मोठ्या जमीनदारांच्या हाती असल्याचे दिसले. त्याआधी १८६८ च्या निवडणुकीत मालकाच्या मर्जीविरुद्ध मत दिले म्हणून अनेक कुळांना शेते सोडावी लागली. बाईंचा तालुकाही त्यात होता. अशा माणसांच्या नातवंडांनी समुद्रापलीकडे ७७ एकरांचे स्वप्न पाहिले, तर त्याला केवळ लोभ म्हणता येईल का? त्या कथेत वाटणी कशी आहे तेही पाहावे. थोरल्याच्या थोरल्याला सगळे, असे तिथे कुणी म्हणत नाही. प्रत्येक एडवर्ड्सला हिस्सा आहे. कायदा मोडून चार शतके झाली, तरी स्वप्न जुन्या कायद्याच्या भाषेतच पडते.

अर्थात स्वप्नाची ही व्याख्या पावत्यांना लागू पडत नाही. कुणाच्या दुःखाचा उलगडा झाला म्हणून त्या दुःखावर वर्गणी गोळा करणे क्षम्य होत नाही. पुतण्याला मी स्पष्ट सांगितले की, साखळीत निदान तीन कड्या नाहीत, आणि त्या असत्या तरी मुदतीचा आणि वहिवाटीचा कायदा त्यांना ओळखणार नाही. त्याने सर्वांत टोकदार प्रश्न विचारला: ‘कागद नाही म्हणून हक्क नाही, हे कागद ठेवणाऱ्यांनीच ठरवायचे का?’ त्याला मी आणखी एक प्रश्न जोडला. राणी, चर्च, आनेके आणि चाचा यांच्या आधी त्या बेटावर लेनापे लोक राहत होते. त्यांचे करीने कोणत्या डब्यात आहेत? तो बराच वेळ काही बोलला नाही. पुढे छपराचे काम झाले, एवढे बाईंच्या पत्रातून कळले.

तेराव्या शतकातल्या एका वेल्श कायदेग्रंथात अशाच दावेदारासाठी एक विलक्षण तरतूद आहे. पूर्वजांच्या जमिनीवर वंशाच्या आधारे हक्क सांगायची मर्यादा नऊ पिढ्यांची. नववा माणूस परत येतो, तेव्हा त्याचा हक्क विझलेला असतो. मग तो एक आरोळी ठोकतो की, मी मालकाचा बिनमालक होत आहे. कायदा ती आरोळी ऐकतो आणि तिथे वसलेल्या प्रत्येकाइतका हिस्सा त्यालाही देतो. या आरोळीला पाताळावरची हाक म्हणतात; पाताळासाठीचा शब्द ‘अन्नून’, म्हणजे मध्ययुगीन वेल्श कथांतले परलोकाचे राज्य. त्यानंतर कुणी कितीही ओरडले तरी ते ऐकले जात नाही. अठराव्या शतकाच्या आरंभापासून तीस वर्षांची एक पिढी धरून नऊ पिढ्या मोजल्या, तर आपण विसाव्या शतकाच्या अखेरीस येतो. अमेरिकेत एडवर्ड्स वारसांची मंडळे जोरात होती तो हाच काळ. आणि तो कायदेग्रंथ ज्या योरवर्थच्या नावाने ओळखला जातो, त्या नावाचे इंग्रजी रूप परंपरेने एडवर्ड असेच करतात.

हा योगायोग आहे. त्यावरून काही सिद्ध होत नाही. तरीही ज्या कायद्याने हक्क विझल्यावरही एक हाक ऐकून घेण्याची सोय ठेवली, तो आपल्या सर्व मुदतींच्या कायद्यांपेक्षा माणसाला अधिक ओळखत होता असे मला वाटते. जमीन देणे साहित्याच्या हाती नाही. हाक ऐकणे, ती कोणत्या शेतातून येते हे नीट ओळखणे आणि त्या शेताचे खरे नाव लिहून ठेवणे, एवढे मात्र वाचणाऱ्याला करता येते.