गाठी

2020 साली गुढीपाडवा 25 मार्चला होता. आदल्या रात्री आठला पंतप्रधान टीव्हीवर आले, बाराच्या ठोक्याला देश बंद होणार म्हणाले, आणि आमच्या लक्षात आलं की घरात साखरेची गाठी नाही. तशीच खाली पळाले. दुकानासमोर अर्धी गल्ली लोटली होती. तेल, रवा, कांदे, माचिस. त्या रेटारेटीत मी गाठी मागितली तेव्हा दुकानदाराने माझ्याकडे असं पाहिलं, की मीच ओशाळले.

आई म्हणाली, "राहू दे. कडुनिंब खाली आहे, गूळ डब्यात आहे. आणि आमच्या आजीला तर गाठी हा शब्दच चालायचा नाही. साखरमाळ म्हणायची ती."

का, ते मला त्या रात्री कळलं. आईची आजी कऱ्हाडजवळच्या एका गावातली. सात-आठ वर्षांची असताना तिने गाठीचा ताप पाहिला. जांघेत नाहीतर काखेत गाठ यायची, आणि चार दिवसांत माणूस जायचा. 1896 मध्ये प्लेग मुंबईत उतरला, पुढच्या वर्षी पुण्यात पसरला आणि मग वर्षानुवर्षं गावोगाव फिरत राहिला. 10 मार्च 1897 ला सावित्रीबाई फुले गेल्या, त्याच साथीत, रुग्णांची सेवा करता करता. त्याच वर्षी इंग्रजांनी साथरोगांचा कायदा केला. सव्वाशे वर्षांनी आम्हाला घरात बसवलं तेव्हा सरकारने तोच कायदा बाहेर काढला होता.

पण एक गोष्ट अगदी उलटी होती. तेव्हा घर सोडणारा वाचायचा. घरात उंदीर, उंदराच्या अंगावर पिसवा, पिसवांत रोग. उंदीर पडला की गाव उठायचं आणि माळावर झोपड्या घालून राहायचं. पुण्यात रँड या प्लेग अधिकाऱ्याचे सोजीर घराघरांत शिरून माणसं तपासत होते, सामान बाहेर फेकत होते. त्या लोकांना 'घरात राहा, सुरक्षित राहा' ही आमची घोषणा ऐकवली असती, तर त्यांनी आम्हाला वेड्यात काढलं असतं.

पणजीच्या आईने माळावर जाताना गाडीत काय घातलं? जातं. दोन्ही तळ्या. भांडी थोडी, कपडे थोडे, पण जातं घेतलं. गाडीवाला कुरकुरला, बैलं दमतील म्हणाला. ती म्हणे, "पहाटे जात्याची घरघर नाही आली, तर पोरं घाबरतील."

आईने हे सांगितलं आणि पीठ मळायला उठली. मी मात्र घाबरलेलीच होते. दुधाच्या पिशव्या साबणाने धुवायच्या, कडीला सॅनिटायझर लावायचं, मग तोच हात नाकाला लागला म्हणून पुन्हा धुवायचा. फोनवर दर तासाला कुणीतरी शांत राहायला सांगायचं. शांत राहा म्हटल्याने कुणी शांत झाल्याचं मी पाहिलेलं नाही. माणूस उलट दचकून विचारतो, का, काय झालं? दहा सेकंद श्वास रोखता आला तर कोरोना नाही, असा एक खोटा निरोप तेव्हा फिरत होता. खोटा आहे हे ठाऊक असूनही मी दिवसातून सात-आठ वेळा बाथरूममध्ये जाऊन श्वास रोखायचे.

बाबांची तऱ्हा वेगळी. पेपर बंद झाला हा त्यांना साथीपेक्षा मोठा धक्का. शहात्तर वर्षांचा मधुमेही माणूस टीव्हीसमोर वही घेऊन बसायचा आणि जिल्हावार आकडे लिहायचा, एकेकाळी क्रिकेटचा स्कोअर लिहायचा तसाच. रात्री दोनला उठून बेरीज तपासायचा.

आईने कुणालाच समजावलं नाही. चौथ्या दिवशी तिने वाल भिजवले. कडवे वाल. भिजवून, उपसून, फडक्यात घट्ट बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक सोलायचा. सालाला चिमटा बसला की दाणा सुटून बाहेर येतो. जोर केला की मोड तुटतो. किलोभर वालांची परात बाबांसमोर ठेवून ती म्हणाली, "वही जरा बाजूला घ्या." ज्या माणसाने जन्मात लसूण सोलली नव्हती तो दोन तास वाल सोलत बसला. मोड तुटलेले दाणे त्यांनी वेगळे काढले, मोजले आणि जाहीर केलं, "एकोणीस." त्या दिवशी वहीत तेवढाच आकडा गेला.

पुढे घराचं वेळापत्रकच झालं. सकाळी नऊला दूरदर्शनवर रामायण, संध्याकाळी सह्याद्रीच्या सातच्या बातम्या, मध्ये टीव्ही बंद. दुपारी निवडणं, सोलणं, वाळवणं. आमच्या गच्चीत इतकी कुरडई कधी वाळली नव्हती. भीती गेली असं नाही. रुग्णवाहिकेचा आवाज आला की तिघांचे हात थांबायचे. मग आई म्हणायची, "हं," आणि परात पुढे सरकवायची.

हे सगळं लिहिताना थोडी लाजही वाटते. आम्हाला सोलायला वाल होते आणि बसायला घर होतं. घंटागाडीवरच्या मावशी तोंडाला ओढणी बांधून रोज सव्वाआठला यायच्या, एक दिवस चुकल्या नाहीत. त्यांना कुणी घरी राहा म्हटलं नाही. मे महिन्यात करमाडजवळ रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले; ते चालत घरीच निघाले होते. त्या दिवशी सातच्या बातम्या संपल्यावर बाबा बराच वेळ तसेच बसून राहिले, आणि आईने परात काढली नाही.

2021 चा पाडवा 13 एप्रिलला आला. दुसऱ्या रात्रीपासून राज्यात पुन्हा संचारबंदी लागली. साखरमाळ आईने पंधरा दिवस आधीच आणून डब्यात ठेवली होती.