पोफळीचा काळोख आणि दोन कॅमेरे

चिपळुणाहून कऱ्हाडास जाणारा रस्ता कुंभार्ली घाट चढूं लागण्यापूर्वीं जेथें क्षणभर दम घेतो, त्या पायथ्याशीं पोफळी हें गांव आहे. चिपळुणापासून अंतर सुमारें वीस किलोमीटर. नांव ऐकतांच सुपारीच्या उंच बागा डोळ्यांपुढें येतात. पण शाळेंतील मुलांस पोफळी ठाऊक असते ती विजेमुळें. घाटमाथ्यावर अडविलेलें कोयनेचें पाणी डोंगराच्या पोटांतून खालीं आणून येथील भूगर्भांतल्या विद्युत्केंद्रांत सोडलें आहे. १९६२ सालीं तेथील पहिलें यंत्र सुरू झालें, आणि पुढील सर्व टप्पे मिळून या प्रकल्पाची क्षमता आज १९६० मेगावॉट आहे. तेथून सुटलेलें पाणी कोळकेवाडीच्या धरणांत येतें व पुढें वाशिष्ठीस मिळतें. निसर्गानें कृष्णेमार्फत पूर्वसमुद्रास नेमून दिलेलें पाणी अशा रीतीनें पश्चिमसमुद्रास जातें. भूगोलाच्या तासास ही गोष्ट सांगितली कीं मागच्या बांकावरचीं मुलेंही कान टवकारीत, असा आमचा अनुभव आहे.

परंतु विजेचें वर्णन करण्याचा आज आमचा विचार नाहीं. केंद्राच्या व धरणाच्या आवारांत कॅमेऱ्यास मज्जाव आहे, आणि तो योग्यच आहे. आम्हांस सांगावयाचें आहे तें पोफळीच्या काळोखाविषयीं. ज्या गांवाची वीज दूरदूरच्या शहरांस जाते, त्या गांवांतील जुन्या कौलारू घरांत भर दुपारीं माजघरांतला मनुष्य ओळखूं येत नाहीं. भिंती जाड, खिडक्या लहान, भोंवतीं दाट झाडें, आणि भाद्रपदांत वर ढगांचें झांकण! अशा ठिकाणीं फोटो काढावयाचा म्हणजे कॅमेऱ्याची परीक्षाच.

ती परीक्षा घेण्याचा प्रसंग आम्हांस या वर्षीं महालयाच्या दिवसांत आला. आमच्या कैलासवासी ज्येष्ठ बंधूंच्या तिथीस आम्ही पोफळीस गेलों होतों. वहिनी आतां ऐंशीच्या घरांत आहेत. दिवाळीनंतर त्या पुण्यास मुलाकडे कायमच्या जाणार, घर भाऊबंदांकडे राहणार, आणि देवांपैकीं एकटा बाळकृष्ण त्यांच्याबरोबर जाणार, असें ठरलें आहे. वहिनींनीं एवढेंच म्हटलें, "भावोजी, माझ्या देवघराचा एक फोटो काढून द्या. तिकडे गेल्यावर डोळ्यांपुढें राहील." या घरांतील आतल्या भागाचें एकही छायाचित्र आजवर कोणीं काढलेलें नाहीं हें तेव्हांच आमच्या ध्यानांत आलें.

याचें कारण सांगण्यासारखें आहे. आमच्या लहानपणीं घरोघरीं जो कॅमेरा दिसे तो आगफा क्लिक थ्री. त्यांत १२० नंबरचा रोळ बसे व त्यावर बारा चौकोनी चित्रें येत. चित्राचा चौकोन सहा सेंटिमीटरांचा, म्हणजे आजच्या चांगल्या डिजिटल कॅमेऱ्यांतील प्रकाशग्राही फलकाहून कितीतरी मोठा. पण भिंगाचें तोंड लहान व फिल्म मंद, त्यामुळें त्यास लख्ख ऊन लागे. म्हणून सारीं माणसें अंगणांत, सूर्याकडे तोंड करून, डोळे बारीक करून उभीं. आमच्या पिढीच्या आल्बमांत सगळेच चेहरे त्रासलेले कां दिसतात याचा उलगडा येथें होतो! घरांतला उजेड त्या कॅमेऱ्यास पुरत नसे, म्हणून देवघर, माजघर, चूल यांचा इतिहास लिहिलाच गेला नाहीं. बंधूंच्या लग्नाचा एक फोटो तेवढा ओटीवर आहे. तो चिपळुणास स्टुडिओंत काढलेला. १९६७ च्या ११ डिसेंबरच्या पहांटे कोयनेचा भूकंप झाला त्यांत त्याची कांच तडकली, ती तशीच आहे.

आतां आमच्याजवळ दोन कॅमेरे होते. एक पुतण्यानें पुण्याहून आणलेला कॅनन ईओएस आर १००. हा मिररलेस, म्हणजे बिनआरशाचा, आणि त्या जातींतला अगदीं पहिल्या पायरीचा. पूर्वींच्या मोठ्या कॅमेऱ्यांत भिंगामागें तिरपा आरसा असे; भिंगांतून आलेलें चित्र तो वरच्या नेत्रिकेकडे पाठवी व खटका दाबतांच वर उडे. २००८ सालीं पॅनासॉनिकच्या जी १ नें भिंगें बदलतां येणाऱ्या कॅमेऱ्यांतून आरसा वगळण्याची वाट रूढ केली. आरसा गेला, त्यामुळें कॅमेरा बारीक झाला, आणि नेत्रिकेंत आतां एक चिमुकला पडदा बसला. दुसरा कॅमेरा आमच्या नातीचा, कॅनन इक्सस १८५. हा अल्ट्राकॉम्पॅक्ट, अर्थात् अतिलघु जातीचा. मोबाईल आल्यावर ही जात बाजारांतून बहुतेक नाहींशी झाली होती. परंतु तरुण मंडळींस तिचा पुन्हा छंद लागला, आणि २०२५ सालीं कॅननने आपला एक जुना छोटा कॅमेरा किंचित् फेरफार करून पुन्हा विक्रीस काढला. मोबाईल असतां कॅमेरा हवाच कशाला, असें वाचक विचारतील. एवढेंच म्हणतों कीं मोबाईलमधले फोटो मोबाईलमध्येंच राहतात. कागदावर उतरण्याचें भाग्य त्यांना क्वचित् लाभतें.

मोठ्या कॅमेऱ्याचें वजन ३५६ ग्रॅम व त्याबरोबर मिळणाऱ्या भिंगाचें १३० ग्रॅम. छोटा सगळा मिळून १२६ ग्रॅम. सदऱ्याच्या खिशांत आहे हें विसरायला होतें. मोठ्यांत २ कोटि ४० लक्ष चित्रबिंदु, छोट्यांत २ कोटि. दुकानदार हे आंकडे पुढें करून दोघांत फारसा भेद नाहीं असें भासवितात. भेद आहे तो फलकाच्या आकारांत. मोठ्याचा फलक २२.३ बाय १४.९ मिलिमीटर, छोट्याचा सुमारें ६.२ बाय ४.६. क्षेत्रफळाचा गुणाकार वाचकांनीं करून पाहावा. एक दुसऱ्याच्या अकरापटींहून मोठा भरतो. पोफळीच्या पागोळ्यांखालीं एकीकडे घंगाळ व दुसरीकडे पंचपात्र ठेवलें तर पाऊस दोहोंवर सारखाच पडेल, पण पाणी सारखें सांठेल काय? उजेडाचेंही तसेंच आहे. आणि पंचपात्रांत सांठलेलें थेंबभर पाणी दोन कोटि बिंदूंस वांटावयाचें म्हणजे एकेकाच्या वांट्यास काय येणार!

न्यायाच्या दृष्टीनें दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. छोट्याच्या भिंगाचें तोंड, जवळचें विस्तृत दृश्य घेतांना, मोठ्याबरोबर मिळणाऱ्या भिंगापेक्षां अधिक उघडतें. छोट्याचा छिद्रांक ३.२, मोठ्याचा ४.५. (हा अंक जितका लहान तितकें छिद्र मोठें, ही उलटी रीत विद्यार्थ्यांस भागाकारावरून समजावून द्यावी.) त्यामुळें अकरापटींचा फरक प्रत्यक्षांत निम्म्यावर येतो. तथापि हात हलला असतां चित्र सांवरून धरणारी सोय मोठ्याच्या भिंगांत आहे, छोट्यांत नाहीं. आणि आमच्या वयाचे हात हलतातच.

आम्ही प्रथम छोट्यानें सुरुवात केली. वहिनी माजघराच्या दारांत वाती वळीत बसल्या होत्या. खिशांतून काढला, दाबला, पुन्हा खिशांत. त्यांस कळलेंही नाहीं. चित्रांत चेहरा सहज व प्रसन्न, पण हात धुरकट, मागची भिंत वाळूसारखी दाणेदार, आणि नऊवारीचा कांठ कोणत्या रंगाचा तें सांगवत नव्हतें. मग पुतण्यानें मोठा काढला. तो पाहतांच वहिनींनीं पदर सांवरला, पाठ ताठ केली आणि सरकारी कचेरींतील कागदास लावतात तसला चेहरा केला! चित्र अत्यंत स्पष्ट, सुरकुतीन् सुरकुती जागच्या जागीं. पण वहिनी त्यांत नव्हत्या. एका घटकेंत त्यांस कॅमेऱ्याचा विसर पडला, आणि मग माजघराच्या छपरांतील कांचेच्या कौलाखालीं एक चित्र मिळालें तें मात्र दोहोंचें गुण घेऊन आलें.

तें साधलें एका निराळ्या भिंगामुळें. पुतण्याच्या पिशवींत ५० मिलिमीटरचें, १.८ छिद्रांकाचें एक साधें भिंग होतें. वजन १६० ग्रॅम. नेहमींचें भिंग पूर्ण लांबविलें असतां छिद्रांक ६.३ होतो, त्याच्याशीं तुलना केली तर हें भिंग बारापट उजेड आंत घेतें. बिनआरशाच्या कॅमेऱ्याची खरी मातबरी येथें आहे. छोट्यास जें भिंग जन्मतः लाभलें तें प्रारब्धाप्रमाणें अखेरपर्यंत भोगावयाचें. मोठ्यास तें बदलतां येतें. अर्थात् प्रत्येक बदलास पैसे पडतात, आणि कॅमेरा स्वस्तांत घेऊन भिंगांच्या नादीं लागलेले कुटुंबप्रमुख आम्हीं पाहिले आहेत.

देवघरांत तर उजेड म्हणजे एका समईचा. तांदळाची पायली पालथी घालून तीवर दोन्ही कॅमेरे आळीपाळीनें ठेवले, म्हणजे हाताचा प्रश्नच नको. झगझगीत दिवा दोघांचाही बंद केला. पितळेच्या देवांवर तो झोत पडला कीं देव दिसत नाहींत, नुसता डाग दिसतो. छोट्यानें चित्र दिलें. दुरून बरें, पण मोठें करतांच टाकांवरील मुद्रा एकमेकींत मिसळल्या. कारण असें कीं उजेड कमी पडला म्हणजे चित्रांत दाणे उठतात, आणि ते पुसतांना यंत्र त्यांच्याबरोबर बारीक रेघाही पुसून टाकतें. मोठ्याच्या चित्रांत कुलस्वामिनीच्या टाकावरील नाक, डोळे, हातांतील आयुधें, सर्व स्वच्छ. संगणकाच्या पडद्यावर तें मोठें करून दाखविलें तेव्हां वहिनी बराच वेळ बोलल्या नाहींत. मोतीबिंदूमुळें कैक वर्षांत त्यांनीं त्या मुद्रा नीट पाहिल्या नव्हत्या. रोज पूजा करीत त्या स्पर्शानें. मग म्हणाल्या, "देवीच्या नथींत मोती आहे हें मी विसरलेंच होतें."

तिसऱ्या दिवशीं पाऊस उघडला आणि आगराच्या टोकास उंबरावर धनेशाचें जोडपें उतरलें. येथें मात्र गंमत झाली. मोठ्याचें नेहमींचें भिंग लांबचें फारसें जवळ आणीत नाहीं. छोट्याचें त्याच्या तिपटीनें ओढतें. नातीनें त्या इवल्याशा यंत्रांत पक्ष्याची पिवळी चोंच भरून घेतली आणि पुतण्या पाहतच राहिला. त्यानें आपलें चित्र कांपून मोठें केलें. २ कोटि ४० लक्षांपैकीं पंचवीस लक्षांच्या आसपास बिंदु उरले, ते पोस्टकार्डाएवढ्या प्रतीस पुरतात. शेजारीं ठेवून पाहतां दोन्ही चित्रें सारखींच वठलीं. चांगल्या उजेडांत लहानथोर असा भेद राहत नाहीं तो असा. फक्त उन्हांत छोट्याच्या पाठीवरचा पडदा दिसेनासा होतो व नेम अंदाजानें धरावा लागतो. मोठ्यास नेत्रिका आहे, आणि तिच्या बाजूचें चाक फिरवून ती चष्मेवाल्याच्या डोळ्यास जुळवितां येते. आमच्यासारख्यांस हें सुख लहान नाहीं.

कोंकणांत कॅमेरा बाळगणारांस एक सूचना. येथील पावसाळी दमट हवेंत भिंगाच्या कांचेस बुरशी धरते, व एकदां ती खोल गेली कीं कांचेवर कायमचा ओरखडा ठेवते. चामड्याच्या पाकिटांत कॅमेरा ठेवूं नये. चामडें ओल धरतें. घट्ट झांकणाच्या डब्यांत सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा. वहिनींनीं पापडांचा डबा रिकामा करून दिला, तो उत्तम ठरला. छोट्याचें भिंग दर वेळीं आंतबाहेर होतांना हवेबरोबर धूळ ओढतें आणि ती घरीं काढतां येत नाहीं. मोठ्याचें भिंग बदलतांना फलक उघडा पडतो, म्हणून तें काम ओटीवर वाऱ्यांत न करतां खोलींत, कॅमेऱ्याचें तोंड खालीं धरून करावें. घाटांत धुकें व पाऊस असतां हे दोन्ही कॅमेरे पाण्यास भितात. छोटा निदान बंडीच्या आंत लपतो.

एकच घ्यावयाचा तर कोणता? ज्यांच्या घरीं म्हातारीं माणसें व अंधारीं दालनें आहेत, आणि चार दिवस बसून शिकण्याची ज्याची तयारी आहे असा एकजण आहे, त्यांनीं मोठा घ्यावा, व नेहमींच्या भिंगापेक्षां मोठ्या तोंडाच्या साध्या भिंगावर पैसे खर्चावे. जो जड म्हणून कपाटांतच राहील तो मात्र कितीही चांगला असला तरी घेऊं नये; त्यापेक्षां खिशांतला छोटा बरा, मग तो वापरलेला मिळाला तरी चालेल. आमचें स्वतःचें मत विचाराल तर यात्रेस आम्ही नातीचाच मागून नेऊं.

चित्रांच्या प्रती काढावयास पुतण्या परतीच्या वाटेवर चिपळुणास उतरला. देवघराची एक मोठी, आणि वहिनींची कौलाखालची एक. वाती वळतांनाचें तें धुरकट चित्र "हें नको, कसली मी दिसतें" म्हणून वहिनींनीं बाजूस सारलें होतें. त्याचीही एक प्रत आम्हीं काढविली आहे. ती आमच्याकडे राहील. ओटीवरच्या लग्नाच्या फोटोची कांच बदलावी काय असें विचारलें, तेव्हां वहिनी म्हणाल्या, "राहूं द्या. तेवढी भूकंपाची आठवण."